इंग्रजी चुकते, कारण आत मराठी बोलत असते

खोपोलीला इंग्रजी शाळेच्या आधी कारखान्यातून आली, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. १९१५ साली घाटावरचं पाणी मोठ्या नळांतून खाली आणून इथं टाटांचं वीजकेंद्र सुरू झालं. मागोमाग गिरण्या, कारखाने आले. चौथी-सातवी शिकलेली माणसं 'शिफ्ट', 'ब्रेकडाऊन', 'गेटपास', 'टर्बाइन' हे शब्द घरच्या भांड्यांच्या नावांसारखे वापरू लागली. त्यांना इंग्रजीची भीती वाटली नाही, कारण त्यांची परीक्षा कुणी घेत नव्हतं.

भीती आली ती पुढच्या पिढीत. मुलगा पदवीधर असतो, काम येतं, पण मुलाखतीला बसला की गप्प होतो. उत्तर ठाऊक असतं, मात्र ते इंग्रजीत सांगताना चूक होईल आणि समोरचे हसतील, या धास्तीनं तोंड उघडत नाही. जून २०००पासून महाराष्ट्रात मराठी शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. वर्षं वाढली, पण ही धास्ती काही गेली नाही. म्हणून आज या चुकांबद्दलच बोलू या. कारण या चुका येतात कुठून हे कळलं, तर त्यातल्या बऱ्याचशा आठ-पंधरा दिवसांत सुधारता येतात.

पहिली गोष्ट अशी, की आपल्या चुका वेड्यावाकड्या नसतात. त्यांना नियम असतो. फक्त तो नियम इंग्रजीचा नसून मराठीचा असतो.

उदाहरण घ्या. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.' हे वाक्य आपल्याकडच्या प्रत्येक कचेरीत ऐकू येतं. आपण मराठीत म्हणतो, 'मी पाच वर्षांपासून इथं काम करतोय.' आणि असंही म्हणतो, 'मी २०१५पासून इथं काम करतोय.' दोन्हीकडे 'पासून'. इंग्रजी मात्र इथं दोन खाती ठेवते. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर 'सिन्स', मधला काळ मोजायचा तर 'फॉर'. सोमवार, जानेवारी, २०१५ हे 'सिन्स'च्या खात्यात. पाच वर्षं, तीन दिवस, दोन तास हे 'फॉर'च्या खात्यात. आणि काम अजून चालू असेल तर 'आय हॅव बीन वर्किंग'. म्हणजे वाक्य झालं, 'आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स.' याऐवजी कुणी 'आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स' म्हणालं, तर समोरचा समजतो की या गृहस्थानं ती नोकरी सोडलेली आहे. मुलाखतीत एवढ्यानंही घोटाळा होतो.

दुसरं उदाहरण 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' आणि 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग' यांचं. आपलं 'समजत नाहीये', 'माहीत आहे', 'भाऊ आहेत' यांतला 'आहे' आपण उचलून इंग्रजीत ठेवतो आणि क्रियापदाला 'इंग' लावून मोकळे होतो. इंग्रजीत 'इंग' लागतं ते चालू असलेल्या क्रियेला. चालणं, लिहिणं, जेवणं या क्रिया आहेत. भाऊ असणं, माहीत असणं, आवडणं, समजणं या स्थिती आहेत. त्यामुळे 'आय हॅव टू ब्रदर्स', 'आय डोन्ट अंडरस्टँड'. पण 'वुई आर हॅविंग लंच' बरोबर, कारण तिथं 'हॅव' म्हणजे जेवणं.

या 'इंग'वर निसीम एझिकेल यांनी कविताच लिहिल्या. मुंबईचे हे इंग्रजी कवी (१९२४ ते २००४) बेने इस्रायली समाजातले. या समाजाची भाषा मराठी आणि मुळं आपल्याच रायगडच्या किनाऱ्यावरची. मिस पुष्पाच्या निरोप समारंभावरची त्यांची कविता आपल्या रोजच्या इंग्रजीत, म्हणजे जागोजागी 'इंग' लावून लिहिलेली आहे. वाचताना हसू येतं. पण ते भाषण करणारा माणूस वाईट नाही, हेही जाणवत राहतं. त्याचं व्याकरण चुकतं, त्याचा जिव्हाळा चुकत नाही.

तिसरा प्रकार शब्दयोगी अव्ययांचा. आपण 'विषयावर चर्चा' करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट' म्हणतो. इंग्रजीत 'डिस्कस'च्या पोटातच 'विषयी' आहे. 'डिस्कस द मॅटर' एवढं पुरे. आपलं लग्न कुणाशी तरी होतं, म्हणून 'मॅरीड विथ'. इंग्रजीत ते 'मॅरीड टू'. आपण कुणावर तरी रागावतो, म्हणून 'अँग्री ऑन मी'. इंग्रजीत 'अँग्री विथ मी'. आपण 'त्याला' विचारतो, म्हणून 'आस्क टू हिम'. इंग्रजीत नुसतं 'आस्क हिम'. इथं तर्कापेक्षा सवय चालते. म्हणून शब्द एकटा पाठ न करता त्याच्या सोबत्यासकट पाठ करावा.

चौथा प्रकार 'अ', 'ॲन' आणि 'द' यांचा. मराठीत अशी वेगळी उपपदं नाहीत, म्हणून आपण ती कधी गाळतो, कधी उगाच घालतो. पण गोष्ट सांगताना आपण काय करतो पाहा. 'एक म्हातारी होती. ती म्हातारी रानात गेली.' प्रथम ओळख करून देताना 'एक', ओळख झाल्यावर 'ती'. 'अ' आणि 'द' यांचं मुख्य काम हेच. फरक इतकाच, की 'माझा भाऊ शिक्षक आहे' यात आपल्याला 'एक' लागत नाही आणि इंग्रजीत 'अ टीचर' म्हणावंच लागतं. राहिला 'ॲन'. तो अक्षर पाहून लागत नाही, उच्चार ऐकून लागतो. 'अवर'मधला 'एच' मुका, म्हणून 'ॲन अवर'. 'युनिव्हर्सिटी'चा उच्चार 'य'नं सुरू होतो, म्हणून 'अ युनिव्हर्सिटी'. आमच्यासारखा 'अ बी.ए.' असतो, पुढं शिकलेला 'ॲन एम.ए.' होतो.

एक गंमत सांगतो. मराठीत घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. 'जातो' म्हणणं अशुभ वाटतं. तेच मनात ठेवून कुणी दारातून बाहेर पडताना 'आय ॲम कमिंग' म्हणालं, तर इंग्रजी माणूस तो आत येण्याची वाट पाहत बसेल! आणि उलटही आहे. आपला 'कितवा' हा साधा प्रश्न इंग्रजीत एका शब्दात विचारताच येत नाही. 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद 'वुई'मध्ये मावत नाही. तेव्हा भाषा कुठलीच अपुरी नाही, प्रत्येकीची मोजमापं निराळी आहेत.

आता शब्दांकडे वळू. इथं मात्र सगळ्याच चुकांना चूक म्हणायला मी तयार नाही. आमच्या घरात उर्दूच्या वळणाची बोली आणि दारात मराठी. त्यामुळे एक शब्द उंबरठा ओलांडताना कसा बदलतो हे लहानपणापासून कानावर आहे. 'तालीम' म्हणजे घरात शिक्षण. दारात मात्र कुस्तीची तालीम, नाटकाची तालीम. फारसीत 'शिकस्त' म्हणजे पराभव; मराठीत आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. म्हणून मराठी माणूस चुकला असं कुणी म्हणत नाही. शब्द दुसऱ्या घरी नांदायला गेला की तिथल्या रीतीनं वागतो.

इंग्रजी शब्दही आपल्याकडे तसेच नांदले आहेत. कार्यक्रम अलीकडे घेतला तर आपण तो 'प्रीपोन' करतो. हा आपला शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशानंही नोंदवला. 'कझिन ब्रदर' आपल्याला लागतो, कारण चुलतभाऊ की चुलतबहीण हे नुसत्या 'कझिन'वरून कळत नाही. देवाणघेवाण जुनीच आहे. इंग्रजीतला 'मंगूस' आपल्या मुंगसावरून गेला. हे शब्द घरात खुशाल वापरावेत. परदेशी पत्र लिहिताना मात्र सांभाळावं. आपण कॉलेजातून 'पास आउट' होतो; तिकडे 'पास आउट' म्हणजे बहुधा शुद्ध हरपणं. आपण 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर पाठवणं समजतो. तिकडे त्याचा रूढ अर्थ पूर्वस्थितीला जाणं. शिक्षकाला आपण 'आय हॅव अ डाउट' म्हणतो तेव्हा आपल्याला शंका विचारायची असते. परक्याला वाटतं, आपला त्याच्यावर विश्वास नाही.

इथवरच्या चुकांनी फार तर गैरसमज होतो. पण काही चुका जिवाशी येतात, आणि शाळेत त्यांच्यावर सर्वांत कमी वेळ जातो.

त्यातली पहिली 'येस' आणि 'नो' यांची. डॉक्टरांनी विचारलं, 'सकाळपासून काही खाल्लं नाही ना?' आपण म्हणतो, 'हो.' म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर, खाल्लेलं नाही. आपला 'हो' समोरच्याच्या वाक्याला दुजोरा देतो. इंग्रजीचा 'येस' तसं करत नाही. त्याच्यामागे होकारार्थीच क्रियापद येतं. 'येस' म्हणजे 'येस, आय हॅव', खाल्लं आहे. न खाल्ल्याचं सांगायचं तर 'नो, आय हॅवन्ट'. ऑपरेशनच्या आधी किंवा कारखान्यात 'व्हॉल्व्ह उघडला नाहीस ना?' असं इंग्रजीत विचारलं गेल्यावर या एका शब्दानं काय होऊ शकेल, याची कल्पना करा. म्हणून अशा प्रश्नाला एका शब्दात उत्तर देऊच नये. 'आय हॅव नॉट ईटन', 'द व्हॉल्व्ह इज क्लोज्ड', असं पूर्ण वाक्य बोलावं. विचारणाऱ्यानंही नकार घालून विचारू नये.

दुसरा शब्द आपल्या घाटातून रोज जातो. टँकरच्या पाठीवर 'हायली इन्फ्लेमेबल' लिहिलेलं असतं. 'करेक्ट'चं उलट 'इनकरेक्ट', मग 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारं, असा हिशोब पुष्कळ जण करतात. खरा अर्थ नेमका उलटा, चटकन पेट घेणारं. यातला 'इन' नकाराचा नाहीच. 'इन्फ्लेम', म्हणजे पेटवणं, यावरून तो शब्द झाला आहे. हा घोळ खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांचाही होतो. म्हणून सुरक्षेच्या पाट्यांवर आता 'फ्लेमेबल' लिहिणं पसंत करतात. दोन्हींचा अर्थ एकच. न पेटणाऱ्याला 'नॉन-फ्लेमेबल' म्हणतात.

आणि सोपा शब्दही फसवतो. बेंजामिन व्होर्फ नावाचे अमेरिकन भाषाभ्यासक पोटासाठी आगीचा विमा उतरवणाऱ्या कंपनीत काम करायचे. आगी कशा लागतात हे तपासताना त्यांच्या लक्षात आलं, की पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ माणसं जपून वागतात, पण 'एम्प्टी' लिहिलेल्या पिंपांजवळ बेफिकिरीनं सिगारेट ओढतात. रिकामं म्हणजे निर्धोक, असं मन समजतं. खरं तर रिकाम्या पिंपात उरलेली वाफ अधिक घातक. त्या माणसांची मातृभाषा इंग्रजीच होती आणि व्याकरणही चुकलेलं नव्हतं. शब्द कळला होता, पिंपात काय आहे ते कळलं नव्हतं.

म्हणून मला वाटतं, चुकांची प्रतवारी करावी. ज्यानं अर्थ उलटा होतो ती चूक आधी सुधारावी. ज्यानं गैरसमज होतो ती त्यानंतर. आणि ज्यानं नुसतं हसू येतं तिच्यापायी कुणाचं बोलणं बंद पाडू नये. आपण नेमकं उलटं करतो. 'अ' राहिला की मुलाला टोकतो, आणि त्यानं 'येस' कशाला म्हटलं ते विचारत नाही.

सुधारायचं कसं? मराठी बाजूला टाकून नव्हे, हाताशी धरून. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहून आपल्या भाषेचे नियम आपल्यालाच दाखवले. तर्खडकरांचं नाव मिरवणाऱ्या भाषांतर पाठमालेवर तर कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, मराठी वाक्य शेजारी ठेवून. तीच वाट आजही चांगली आहे. आपण नेहमी बोलतो ती वीस वाक्यं मराठीत लिहा. शेजारी इंग्रजी लिहा. जाणकाराकडून तपासून घ्या आणि मोठ्यानं म्हणा. जिथं अडखळाल तिथं विचारा, की इथं माझी मराठी काय म्हणत होती? उत्तर सापडलं की तो नियम पुन्हा सहसा विसरत नाही.

आणि घरातलं मूल इंग्रजीत बोलू लागलं, तर त्याचं वाक्य पुरं होऊ द्या. चूक मग सांगता येते. मध्येच थांबवलेलं मूल पुढच्या वेळी वाक्य सुरूच करत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)