शेंगांची जत्रा, बसवण्णाच्या दारी

कार्तिकातला शेवटचा सोमवार जवळ आला, की बेंगळुरूच्या बसवनगुडीत भाजलेल्या शेंगांचा खमंग वास दरवळू लागतो. बुल टेंपल रोडच्या दोन्ही कडांना शेंगांच्या राशी लागतात. कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या. कुठे दोन दाण्यांच्या, कुठे तीन. ही ‘कडलेकाई परिषे’, म्हणजे भुईमुगाच्या शेंगांची जत्रा. तिकीट नाही, पास नाही. आजीपासून नातवापर्यंत सारे घर इथे मनसोक्त हिंडू शकते.

बैल आणि पीक

जत्रेमागे एक लोककथा आहे. पूर्वी इथल्या सुंकेनहळ्ळी, मावळ्ळी, गुट्टहळ्ळी या गावांत भुईमूग पिके. एक बैल रोज येऊन उभे पीक फस्त करी. चिडलेल्या शेतकऱ्याने त्याला सोटा मारला आणि बैल जागीच दगड झाला! पश्चात्ताप झालेल्या गावकऱ्यांनी दरवर्षी पहिले पीक त्याला वाहण्याचा नवस केला. एकाच खडकात कोरलेला हा नंदी सुमारे 15 फूट उंच आणि 20 फूट लांब आहे. मूर्ती वाढतच चालली, म्हणून डोक्यावर त्रिशूळ बसवून तिची वाढ थांबवली, असेही सांगतात. मुले हे ऐकून मान वर करून त्रिशूळ शोधतातच! हे मंदिर सोळाव्या शतकात बेंगळुरूचे संस्थापक केंपेगौडा यांनी बांधले, असे मानले जाते.

शेते गेली, नवस राहिला

1898 मध्ये प्लेगची साथ आली. गजबजलेल्या पेठेबाहेर मोकळ्या वस्त्या हव्यात, म्हणून बसवनगुडी आणि मल्लेश्वरम् वसवण्यात आले. पुढे शहराने भोवतालची गावेही पोटात घेतली. आज तिथे भुईमुगाचे रोप दिसत नाही. पण बैलाचा वाटा चुकलेला नाही. आता शेंगा येतात त्या कोलार, चिंतामणी, रामनगर भागातून आणि शेजारच्या आंध्र, तामिळनाडूतूनही. विकणाऱ्यांत शेतकरी असतात, तसे व्यापारीही. घर सोडून रात्री राशीशेजारीच पथारी टाकणाऱ्या या माणसांचे सारे गणित या मोजक्या दिवसांवर असते. 2020 मध्ये करोनामुळे जत्रा भरली नाही, तेव्हा त्यांचा तो आधारही गेला. 2025 मध्ये मात्र 17 नोव्हेंबरपासून ती पाच दिवस चालली.

नाना भाषा, एक मेळा

शेंगांचा भाव कन्नडमध्ये विचारा, तेलुगूत, तमिळमध्ये किंवा मोडक्यातोडक्या हिंदीत; माप भरतेच, वर मूठभर शेंगाही पडतात. शेजारी बांगड्या, मातीची खेळणी, चुरमुरे-बत्तासे आणि मुलांचे पाळणे. संध्याकाळी जवळच्या ब्यूगल रॉक उद्यानात गाणी आणि नाच रंगतात. मोठाल्या ढोलांच्या तालावरचा ‘डोळ्ळु कुणित’ पाहताना आपल्याकडच्या धनगरी गजाची आठवण यावी. कलेसाठी इथे सभागृहाची पायरी चढावी लागत नाही; शेंगा सोलता सोलता ती पाहता येते.

गर्दी वाढली तसा कचराही वाढला. म्हणून अलीकडे प्लॅस्टिकमुक्त जत्रेचा आग्रह धरला जातो. घरून कापडी पिशवी न्यावी, हे उत्तम.

जायचे असेल तर

कर्नाटकातला कार्तिक आपल्या पंचांगाप्रमाणेच असल्याने तारीख शोधणे सोपे. मेट्रोच्या हिरव्या मार्गावरील नॅशनल कॉलेज स्थानकावर उतरून पुढे रिक्षाने जाता येते. दुपार टाळून सकाळी लवकर गेल्यास लहानग्यांना गर्दीचा त्रास होत नाही. नंदीच्या टेकडीखालचा दोड्ड गणपती पाहावा आणि गांधी बझारमधल्या 1943 पासूनच्या विद्यार्थी भवनात डोसा खावा.

शेंगा जमिनीखाली लागतात, हे शहरातल्या कितीतरी मुलांना पुस्तकातूनच कळते. इथे त्यांना मातीसकट शेंग हातात मिळते, आणि कधी ती पिकवणारा माणूसही भेटतो.