श्वासाला दोन मालक

मनगटावर बोटं टेकवून नाडी शोधा आणि सावकाश, खोल श्वास घ्या. श्वास आत जाताना ठोके किंचित जलद पडतात, बाहेर सोडताना मंदावतात. तरुणांना हा फरक जास्त ठळक जाणवतो. मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस ही नस उच्छ्वासाच्या वेळी हृदयाचा वेग आवरते, म्हणून हे घडतं.

‘हळू चाल’ असं हृदयाला थेट सांगता येत नाही. श्वास मात्र गाढ झोपेतही आपला आपण चालतो आणि जागेपणी मनात आलं की रोखताही येतो. आपली इच्छा आणि शरीराची आपोआप चालणारी यंत्रणा, दोघींचा त्याच्यावर हक्क! इतक्या ध्यानपद्धती श्वासापासूनच का सुरू होतात, ते मला इथे उमगतं.

ब्रह्मदेशात जन्मलेले सत्यनारायण गोएंका १९६९ साली विपश्यना ही ध्यानपद्धती घेऊन भारतात आले. इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रातल्या दहा दिवसांच्या शिबिरात आधी तीन दिवस नुसतं आनापान, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे पाहणं असतं. श्वास लांबवायचा नाही, रोखायचा नाही. नाकपुड्यांच्या कडा आणि वरच्या ओठावरची इवलीशी जागा, तिथे लक्ष ठेवायचं. आत येणारी हवा गार, जाणारी कोमट. जन्मापासून हे तिथेच चाललेलं असतं आणि आपल्याला पत्ताच नसतो! मन पळतं, सगळ्यांचंच पळतं. ते पळालंय हे लक्षात येणं आणि त्याला न रागावता परत आणणं, नवख्यांनी एवढंच करायचं. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते: अंगभरच्या संवेदना नुसत्या पाहायच्या. अखेरीस मंगल मैत्री, सगळ्यांचं भलं चिंतण्याचं ध्यान.

फायदा किती? २०१४ साली ध्यानावरच्या ४७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. चिंता, नैराश्य आणि वेदना काही प्रमाणात कमी झाल्याचं त्यात आढळलं. औषधं किंवा व्यायाम यांच्यापेक्षा ध्यान सरस असल्याचं मात्र दिसलं नाही. मला हा निष्कर्ष मोलाचा वाटतो. चालू औषधं बंद न करता ध्यानाला बसावं.

ज्यांना स्तब्ध बसवत नाही, त्यांच्यासाठी जप आहे. इटलीतल्या लुचानो बेर्नार्दी यांनी २००१ साली रोझरीची, म्हणजे कॅथलिकांच्या जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणणाऱ्यांचे श्वास मोजले. दोन्हींत श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. गंमत अशी, की रक्तदाबातही साधारण दर दहा सेकंदांनी एक बारीक लाट येत असते, म्हणजे मिनिटाला सहाच! दोन्ही लयी जुळल्या आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा जास्त तत्पर झाली. प्रार्थना लॅटिन, मंत्र संस्कृत, आणि दोन्ही रचले गेले तेव्हा रक्तदाब मोजायचं साधन जगात कुठेच नव्हतं.