टेकडीच्या पोटातले चित्रालय

चित्रांचे संग्रहालय म्हटले की खांब, कमानी आणि भलामोठा घुमट आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. जपानच्या नाओशिमा बेटावर चिचू कला संग्रहालय आहे. तेथे गेलेल्या माणसाला मात्र समोर दिसते ती टेकडी! ‘चिचू’ म्हणजे जमिनीच्या आत. समुद्रकाठच्या त्या टेकडीचे रूप बिघडू नये म्हणून जवळजवळ सगळी इमारत मातीखाली घातली आहे. वर दिसतात ते फक्त चौकोनी-त्रिकोणी खळगे. त्यांतूनच खाली उजेड उतरतो. २००४ साली उघडलेले हे संग्रहालय खासगी आहे. ते उभे राहिले सोइचिरो फुकुताके या उद्योगपतींच्या पुढाकाराने.

पण आम्हाला आमच्या वाचकांना सांगायचे आहे ते ही इमारत रचणाऱ्या तादाओ आंदो यांच्याविषयी. १९४१ साली ओसाकात जन्मलेल्या या मुलाला आजीने वाढवले. शेजारच्या सुताराच्या दुकानात तो लाकूड हाताळायला शिकला. तरुणपणी काही काळ त्याने मुष्टियुद्धाच्या लढती केल्या. वास्तुकलेच्या कॉलेजची पायरी तो कधी चढला नाही. पुस्तके मिळवून, गावोगावच्या इमारती हिंडून पाहून तो शिकला आणि १९६९ साली त्याने स्वतःचे कार्यालय थाटले. १९९५ साली त्यांना प्रित्झकर हा वास्तुकलेतील जगातला मोठा मान मिळाला. त्या पुरस्काराचे एक लाख डॉलर त्यांनी कोबेच्या भूकंपात अनाथ झालेल्या मुलांना देऊन टाकले.

आमच्या वाचकांत गवंडी आहेत, सेंटरिंगवाले आहेत, घमेली वाहणाऱ्या भगिनीही आहेत. पुढची गोष्ट त्यांना अधिक कळेल. आपल्याकडे फळ्या काढल्यावर भिंतीत खडी उघडी दिसली तर मुकादम म्हणतो, “असू दे, प्लास्टरमध्ये जाईल.” आंदोंच्या भिंतीला प्लास्टरच नाही, रंगही नाही. साच्यातून निघाले ते कायमचे दिसणार. म्हणून प्लायवूड गुळगुळीत हवे, सांध्यातून सिमेंटचे पाणी गळता कामा नये, माल नीट ठासून बसला पाहिजे. साचा आवळणाऱ्या बोल्टच्या गोल खुणासुद्धा एका ओळीत, सारख्या अंतरावर येतात. साधी भिंत म्हणजे स्वस्तातली भिंत, असे कोणी समजू नये. नक्षीमागे चूक लपते, येथे लपायला जागाच नाही. धनवंताच्या चित्रांसाठीच ना हा खटाटोप, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे! त्या भिंतीवर पहिली सही कामगाराची आहे, असे आम्हाला वाटते.

आत फक्त तीन कलावंतांची कामे आहेत. त्यांपैकी क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची पाणकमळांची पाच चित्रे एका पांढऱ्या दालनात लावली आहेत. जोडे काढून, तेथल्या सपाता घालूनच आत जायचे. पायाखाली संगमरवराचे दोन-दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे आहेत, सुमारे सात लाख! ते बसवणाऱ्या हातांचा विचार आमच्या मनातून जात नाही. दालनात एकही दिवा नाही. छतातून झिरपतो तेवढाच उजेड. बाहेर आभाळ भरून आले की आत कमळेही काळवंडतात आणि ढग सरला की पुन्हा उजळतात.