पाटण्याचं शहामृग आणि माणसाच्या उगमाचे वाद

चाळीसगाव तालुक्यातलं पाटणे म्हटलं की पाटणादेवी आठवते, भास्कराचार्य आठवतात. पण माणसाच्या उगमावर जगभर जो वाद चालतो, त्यातही या गावाचं नाव घेतलं जातं, हे खुद्द खानदेशात फार थोड्यांना ठाऊक आहे. १९७० च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे एस. ए. साळी यांनी इथे उत्खनन केलं. त्यात दगडाची बारीक पाती मिळाली, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले आणि आडव्या-तिरप्या रेघा कोरलेला कवचाचा एक तुकडा मिळाला. कार्बन पद्धतीने तिथल्या कवचाचं वय सुमारे २५,००० वर्षं आलं.

पहिली शंका हमखास येते : आपल्याकडे कुठलं शहामृग? कवच आफ्रिकेतून कुणीतरी आणलं असणार. हा समज चुकीचा आहे. शहामृगाच्या कवचाचे तुकडे राजस्थान, मध्य प्रदेश, महाराष्ट्रात अनेक ठिकाणी सापडले आहेत. राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या तुकड्यांतून हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या संशोधकांनी डीएनए मिळवला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार हे पक्षी आजच्या आफ्रिकी शहामृगाचे जवळचे नातलग होते आणि इथलेच रहिवासी होते.

दुसरा समज याच्या अगदी उलटा : जुन्या कवचावर रेघ दिसली की ती माणसाचीच कला. भारतात अशी चाळीसेक ‘कोरीव’ कवचं सांगितली जात होती. शैलकलेचे अभ्यासक रॉबर्ट बेडनारिक यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा बहुतेक खुणा मुळांनी आणि त्यांच्यासोबतच्या बुरशीने कवच झिजवल्यामुळे झालेल्या नैसर्गिक खुणा ठरल्या. त्या चाळणीतून पाटण्याचा तुकडा मात्र टिकला. शास्त्रातल्या वादाला भांडण समजणाऱ्यांनी हे प्रकरण मुद्दाम पाहावं. बाकीचे दावे गळून पडले, म्हणूनच पाटण्याच्या दाव्याला आज वजन आहे.

वयाच्या आकड्याबद्दलही घोळ असतो. कार्बन पद्धत कवचाचं वय सांगते, म्हणजे अंडं कधी घातलं गेलं ते. रेघा कधी कोरल्या ते नाही. शिवाय कार्बनची वर्षं आणि पंचांगाची वर्षं तंतोतंत जुळत नाहीत; दुरुस्ती केली की हा काळ आणखी काही हजार वर्षं मागे जातो. आणि ही पद्धत साधारण ५०,००० वर्षांपर्यंतच चालते. डायनासोरचं वय कार्बनने काढलं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये.

आता मुख्य वाद. केंब्रिजचे पुरातत्त्वज्ञ पॉल मेलर्स यांनी २००६ साली पाटण्याची पाती, मणी आणि कोरीव कवच आफ्रिकेतल्या तशाच वस्तूंच्या शेजारी मांडली. आजचा माणूस ही कारागिरी घेऊनच आफ्रिकेतून भारतात आला, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्यांनी हे आगमन सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकानंतरचं मानलं. उलट पुरातत्त्वज्ञ मायकेल पेट्राग्लिया आणि सहकाऱ्यांनी आंध्रातल्या ज्वालापुरम इथे टोबाच्या राखेच्या खाली आणि वर सापडलेली हत्यारं दाखवली आणि माणूस त्याआधीच इथे पोचला होता, असं मांडलं. अडचण अशी की दोन्हीकडे त्या काळातलं मानवी हाड नाही. हत्यार सापडलं तरी ते कोणत्या मानवजातीच्या हातचं, हे दगड सांगत नाही.

हाड सापडलं तरी वाद मिटतोच असं नाही. १९८२ साली भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना नर्मदेकाठी हथनोरा इथे कवटीचा वरचा भाग मिळाला. आधी तो होमो इरेक्टस या जुन्या मानवजातीचा मानला गेला. नंतर अनेकांनी त्याला आदिम सेपियन्स, म्हणजे आपल्याच जातीचं जुनं रूप, म्हटलं. एकाच कवटीवरून अख्ख्या उपखंडाचा निवाडा होणं अवघडच.

‘शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, म्हणजे उत्क्रांती हे थोतांड’ हा सगळ्यांत घातक समज इथून निघतो. मेलर्स आणि पेट्राग्लिया यांच्यात मतभेद होता तो माणूस इथे कधी आणि कोणती हत्यारं घेऊन आला, यावर. माणसाची मुळं आफ्रिकेत आहेत, हे दोघांनाही मान्य होतं. आणि माणूस आजच्या माकडापासून झाला, असं तर कुणीच म्हणत नाही; त्यांचे आणि आपले पूर्वज फार मागे एक होते, एवढंच.

पाटण्याचा तुकडा बोलका ठरला, कारण तो कुठल्या थरात, कशासोबत होता याची नोंद साळींनी ठेवली. तेव्हा गिरणा, पांझरा, तापी यांच्या काठच्या दरडीत दगड झालेलं हाड किंवा घडवलेली गारगोटी दिसली, तर ती उचलून घरी नेऊ नका. आहे तिथेच राहू द्या, जागेसकट फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा.