लेण्यातला बुद्ध, बांधावरचा म्हसोबा

वाट आपली आपण : भाग सहावा

गेल्या भागात आपण रोजच्या ध्यानाची बैठक आणि तिची शिस्त पाहिली. त्यापुढचा प्रश्न आपल्या ओतूर परिसरात तर येणारच. पहाटे श्वासावर लक्ष ठेवून बसणाऱ्या माणसाने पेरणीआधी बांधावरच्या म्हसोबाला नारळ फोडावा का? युरोपात ख्रिस्ती धर्माआधीची निसर्गपूजा पुन्हा जागवणारे, स्वतःला पेगन म्हणवणारे लोक आहेत. त्यांतले जे बुद्धाच्या ध्यानाकडे वळतात, त्यांच्यापुढेही हाच पेच असतो.

आपल्याला उत्तर शोधायला फार लांब जायला नको. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून जास्त बौद्ध लेणी आहेत. मानमोडीच्या भूतलिंग गटातल्या चैत्यगृहासमोर उभे राहा आणि मान वर करा. दारावरच्या अर्धगोलात कमळाच्या पाकळ्या उमलल्या आहेत. मधल्या पाकळीत गजलक्ष्मी उभी आहे, शेजारी हत्ती आणि हात जोडलेले उपासक. पाऊसपाण्याची, सुफलतेची देवी बुद्धाच्या दारात बसवली गेली, आणि हा दर्शनी भाग चंद नावाच्या एका यवनाने दान दिल्याचे तिथला लेख सांगतो. जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखात आदुथुम नावाच्या शक उपासकाने करंजाच्या झाडांसाठी २० आणि वडाच्या झाडांसाठी ९ निवर्तने जमीन ठेवल्याची नोंद आहे. धम्म इथे आला तो परमुलखातल्या माणसांना आणि इथल्या झाडांना सोबत घेऊन.

दामोदर धर्मानंद कोसंबींनी १९६२ च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’त या जागांचा मागोवा घेतला. मातृदेवतांची ठाणी जुन्या वाटांच्या तिठ्यांवर होती आणि लेणीही त्याच वाटांच्या आसऱ्याने कोरली गेली, असे त्यांनी मांडले. भिक्खू आले तेव्हा डोंगर मोकळा नव्हता. तिथे आधीच कुणाचे तरी देव राहत होते.

मग त्या देवांशी वागायचे कसे? करणीय मेत्तसुत्ताची परंपरेने चालत आलेली कथा यावर नेमकी बोलते. रानात वर्षावासाला गेलेल्या भिक्खूंना वृक्षदेवता भेडसावू लागल्या. भिक्खू परत आले, तेव्हा बुद्धांनी भुते घालवायचा उतारा दिला नाही. त्याच रानात परत जा आणि सगळ्या जिवांबद्दल मैत्री वाढवा, असे सांगितले. पुढे त्याच देवता त्यांच्या राखणदार झाल्या. म्हणजे देवतांना नाकारायचे नाही, आणि मुक्ती त्यांच्याकडे मागायचीही नाही. मुक्ती ज्याची त्याने कमवायची.

मला वाटते, दोन्ही वाटा एकत्र नांदवायची किल्ली इथेच आहे. मन घडवणे हे धम्माचे काम. ज्या मातीवर आपण जगतो तिचे ऋण मानणे हे बांधावरच्या देवाचे काम. ही कामे एकमेकांत कालवली की दोन्हींची नासाडी होते.

लेण्याद्रीवर याचा इशाराही मिळतो. सातव्या लेण्यात गिरिजात्मज आहे. मुळात तो भिक्खूंचा विहार. एकाही खांबाविना उभ्या असलेल्या त्या मोठ्या मंडपाभोवती त्यांच्या राहण्याच्या खोल्या आहेत. शेजारच्या सहाव्या लेण्यातला स्तूप न पाहताच कित्येक भाविक पायऱ्या उतरतात. याला मिलाफ म्हणता येणार नाही. एकाने दुसऱ्याला झाकून टाकले आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा ज्यांनी स्वीकारल्या, त्यांनी जुन्या देवांची उपासना विचारपूर्वक नाकारली आहे. त्या नकारामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अपमान आहे. त्यांच्या घरी जाऊन ‘सगळे देव एकच’ असा उपदेश कुणी करू नये.

बाकी ज्याला दोन्ही पाळायचे आहे, त्याने तीन कसोट्या लावाव्यात. पहिली, पंचशीलाला धक्का नको : म्हसोबाला कोंबडा न देता नारळ आणि भाकरी द्यावी. दुसरी, नवसाचा सौदा नको, आधी आभार. तिसरी, ज्याचे त्याला श्रेय द्यावे : लेण्यात गेल्यावर ते कुणाचे, हे मुलांना सांगावे.

वाघबारस घ्या. आपल्याकडचे महादेव कोळी या दिवशी वाघोबाची पूजा करतात. आज उसात बिबट्या आहे, आणि त्याने माणसे मारल्याचे दुःखही ताजे आहे. मैत्रीभावना म्हणजे अंधारात पोराला एकटे उसाकडे धाडणे नव्हे. बॅटरी हातात हवीच, सोबतही हवी. पण त्या जनावराबद्दल मनात पेटणारा सूड विझवायचा असेल, तर सकाळची मेत्ता आणि वाघोबापुढचा नैवेद्य दोन्ही कामी येतात. एकीने मन निवळते, दुसऱ्याने रानावर त्याचाही हक्क असल्याचे ध्यानात राहते.

पुढच्या भागात पहिल्या कसोटीकडे वळू : बळी वगळून गावची जत्रा कशी करता येईल?