मशीनवरचे ग्रीज कसे सुटते?

जेसीबी किंवा पोकलेन धुताना पाण्याचा जोर जितका जास्त तितके मशीन स्वच्छ, असा समज सर्रास आढळतो. जोराने माती निघते. ग्रीज मात्र पाण्यात मिसळतच नाही. त्यासाठी डीग्रीझर (तेलकट थर सोडवणारे साबणयुक्त द्रावण) लागतो. त्याच्या रेणूचे एक टोक तेलाला, दुसरे पाण्याला धरते आणि चिकट थराचे बारीक थेंब होऊन वाहून जातात. तेलकट कढई साबण लावून थोडा वेळ ठेवली की सहज निघते, तसेच हे. म्हणून आधी वाळलेला चिखल खरवडावा, इंजिन थंड असताना द्रावण मारावे आणि काही मिनिटे थांबावे. पण ते वाळू देऊ नये.

जवळून मारलेली जोराची धार पाणी आणि रेती सीलच्या (सांधा बंद ठेवणाऱ्या कडीच्या) आत ढकलते, वायरिंगच्या जोडांतही ओल शिरते. बकेटच्या पिनांना विशेष जपावे. तिथे कडेला आलेले ग्रीज धुळीला आत येऊ देत नाही, म्हणून धुतल्यावर त्या सांध्यांत नवे ग्रीज भरलेच पाहिजे, जुने बाहेर येईपर्यंत. डिझेलने पुसणेही टाळावे: ते पेट घेऊ शकते आणि मागे राहिलेल्या तेलकट थरावर पुन्हा धूळ बसते.