कबिनीच्या काठी फिरते बिऱ्हाड

घरातली सारी सोय बरोबर घेऊन निघावे, मन रमेल तेथे थांबावे, आणि रात्री निजण्यासाठी परक्या गावात दारोदार खोलीचा भाव विचारीत हिंडण्याचा प्रसंग येऊ नये, ही प्रवाशाची इच्छा फार जुनी आहे. दमणीत गाद्या घालून, शिधा बांधून, मुक्कामामागून मुक्काम करीत तीर्थक्षेत्र गाठणाऱ्या आपल्या पूर्वजांना ती ठाऊक होती, आणि ‘कॅम्परव्हॅन’ या नावाने आज जी वाहने भाड्याने मिळू लागली आहेत त्यांच्या मुळाशीही तीच आहे. शय्या, शेगडी, पाण्याची टाकी, दिवे-पंख्यांपुरती बॅटरी आणि काहींत शौचकूपही असलेले हे वाहन आपल्याकडे बहुधा टेंपो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेले असते. महाराष्ट्र शासनाने 2021 साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले, त्याच वर्षी केरळानेही केले. परंतु रोजच्या भाड्याचा आकडा ऐकताच मध्यमवर्गीय कुटुंब माघार घेते, असेच बहुधा घडते. ही माघार अपरिहार्य नाही असे माझे ठाम मत आहे, आणि ते उदाहरणाने सांगण्यासाठी म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे, म्हणजेच सर्वांच्या तोंडी रुळलेले एच. डी. कोटे, याहून सोयीचा मुलूख मला दिसत नाही.

या प्रवासाचा खर्च मनुष्य समजतो त्याप्रमाणे केवळ दिवसांवर वाढत नाही. तो अंतरावर वाढतो. भाड्याच्या करारात बहुधा रोजच्या किलोमीटरांची मर्यादा असते, तिच्यापलीकडे प्रत्येक किलोमीटरला निराळा दर लागतो, आणि डिझेल, टोल व चालकाचा भत्ता हे त्याशिवाय. पुण्याहून म्हैसूर सुमारे 900 किलोमीटर आहे. जड वाहन एका लिटरमध्ये दहा किलोमीटर चालते असे धरले, तर जाण्यायेण्यातच 180 लिटर डिझेल जळते, चार दिवस महामार्गावर जातात, आणि ज्या शय्येसाठी भाडे मोजले ती दिवसभर रिकामी धावत राहते. त्यापेक्षा दादरहून निघून पुणे, मिरज, बेळगाव, हुबळी करीत म्हैसूरला जाणारी साप्ताहिक शरावती एक्स्प्रेस धरावी, आणि वाहन बंगळूर किंवा म्हैसूर येथेच ताब्यात घ्यावे. म्हैसुराहून कोटे 50 किलोमीटरांच्या आसपास आहे. तेथून पुढे अंतरसंते, सरगूर, कबिनी नदीचा जलाशय, तारक आणि नुगू ही धरणे अशी सारी स्थळे इतकी जवळ आहेत की, करारातील रोजची मर्यादा ओलांडण्याचे कारणच उरत नाही. वाहन जितके कमी धावेल तितके ते घर म्हणून अधिक उपयोगी पडते, हा हिशेब ज्याला उमगला त्याचे निम्मे काम झाले.

आणि हा मुलूखच असा आहे की येथे घाईने कोणी काही पाहू शकत नाही. काकनकोटेचे अरण्य एके काळी खेड्ड्यासाठी विख्यात होते: रानहत्तींचे कळप हाकाऱ्यांनी वेढून, नदीपार करवून, लाकडी कोटात कोंडण्याचा तो प्रकार म्हैसूर संस्थानच्या मोठमोठ्या पाहुण्यांपुढे होत असे, आणि शेवटचा खेड्डा 1971 साली झाला. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, 1974 साली, कबिनीवरील धरण पुरे झाले, आणि त्या अरण्याचा बराच भाग पाण्याखाली गेला. परंतु ज्या जलाशयाने अरण्य गिळले त्याच्याच काठी, फेब्रुवारीपासून पुढे पाणी ओसरून कोवळे गवत उगवू लागले की, नागरहोळे व बंडीपूर या दोन्ही वनांतील हत्ती शेकडोंनी एकत्र येतात. ज्यांना मारूनमुटकून कोटात घालीत असत, ते प्राणी आपण होऊन त्याच भूमीवर जमतात, हे दृश्य मनाला खोल स्पर्श करणारे आहे, आणि त्यासाठी उन्हाळा सोसावा असे मला वाटते.

मात्र या अरण्याचे घड्याळ प्रवाशाला पाळावेच लागते. म्हैसूर-मानंदवाडी रस्त्याचा जो भाग नागरहोळेच्या वनातून बावलीकडे जातो तो संध्याकाळी 6 ते सकाळी 6 वाहतुकीस बंद असतो, आणि दिवसासुद्धा वाटेत उतरणे, चूल पेटवणे किंवा प्राण्यांना खाऊ घालणे यांस मनाई आहे. तेव्हा मुक्काम वनाच्या हद्दीबाहेर, आणि तोही एखाद्या होमस्टेच्या किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या कुंपणाच्या आत, विचारून व मोबदला देऊन करावा. स्नानगृह व पाणी मिळाले म्हणजे शौचकूप नसलेले, म्हणजेच कमी भाड्याचे, वाहनही पुरते. शेताच्या बांधावर फुकटात रात्र काढण्याचा मोह कोणीही धरू नये. 2025 च्या अखेरीस सरगूर परिसरात वाघाच्या हल्ल्यांत माणसे दगावली आणि शासनाला नोव्हेंबरात नागरहोळे व बंडीपूर येथील सफारी थांबवावी लागली, यावरून मनुष्यवस्ती आणि अरण्य यांतील अंतर किती थोडे उरले आहे ते कळते. सफारी चालू आहे की नाही, याची चौकशी निघण्यापूर्वीच वनखात्याकडे करावी. चालकासह वाहन घेतले असेल तर त्या गृहस्थाच्या निजण्याची तरतूद आपल्याच खर्चात धरली पाहिजे. दिवसभर चाक हाती धरलेल्या माणसाला रात्री पुढच्या बाकावर अवघडून निजायला लावून केलेली बचत ही बचत नव्हे, तो उद्याच्या प्रवासाचा धोका होय.

कमी खर्चाच्या शोधात सर्वांत मोठी फसगत होते ती कागदपत्रांत. आपली खासगी गाडी आतून सजवून ती स्वस्तात देऊ करणारे लोक असतात. परंतु पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेले वाहन भाड्याने देणे कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात झटकण्याची शक्यता असते. चालकासह भाड्याच्या वाहनाची पाटी पिवळी व अक्षरे काळी, आणि स्वतः चालवण्यासाठी दिलेल्या वाहनाची पाटी काळी व अक्षरे पिवळी असावयास हवीत. परवाना, योग्यता प्रमाणपत्र आणि विम्याची मुदत डोळ्यांनी पाहावी. हलक्या वाहनाचा चालक-परवाना असलेला मनुष्य 7500 किलोपर्यंतचे भाडोत्री वाहन चालवू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे निराळा परवाना काढण्याचा खर्च वाचतो.

अनामत रक्कम किती, ती किती दिवसांत परत, टायर फुटल्यास खर्च कोणाचा, हे सारे लेखी घ्यावे. ताबा घेताना वाहनाच्या चारी बाजूंची आणि आतील फळ्यांची छायाचित्रे काढावीत. गॅसची झडप चालत्या गाडीत बंद असावी. भांडी धुतलेले पाणी ओढ्यात सोडू नये, कारण येथला प्रत्येक ओहोळ कबिनीला आणि कबिनी तिरुमकुडलूला कावेरीला मिळते; ते पाणी कोठे ओतायचे हे मुक्कामाच्या यजमानाला विचारावे. वाहन परत करताना मालकासमोर तीच छायाचित्रे पुन्हा काढावीत, किलोमीटरांचा आकडा दोघांनी मिळून नोंदवावा, आणि अनामतीची पावती परत देण्यापूर्वी रक्कम खात्यात जमा झाल्याची खातरी करून घ्यावी.